करंगळीचा जोर

पेण एसटी स्टँडसमोर भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत पुंडलिक म्हात्रे सरांची शांती टंकलेखन संस्था होती. शांती हे त्यांच्या आईचं नाव. आत शांतता औषधालाही नव्हती. सात टाइपरायटर एकदम सुरू झाले की खालचा भांडीवाला गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलायचा.

सर मूळचे गडब गावचे. घरची भातशेती भावाकडे सोपवून ते सत्त्याहत्तर साली पेणात आले आणि तेव्हापासून तालुक्यातल्या पोरांच्या बोटांना वळण लावत बसले होते. पेण, रोहा, अलिबाग, कुठल्याही कचेरीत जा, टेबलामागे सरांचा एखादा विद्यार्थी सापडायचाच. ओळखायची खूण सोपी. तो टाइप करायला लागला की टेबल हलायचं.

त्याला कारण करंगळी. डाव्या हाताची करंगळी हा माणसाचा सगळ्यात आळशी अवयव आहे, असं सरांचं ठाम मत होतं. इंग्रजी टाइपरायटरवर तिच्या वाट्याला 'ए' येतो. तो जीव लावून मारला नाही तर पहिल्या कागदावर उमटतो, पण चौथ्या कार्बन कॉपीवर गायब होतो. म्हणून सर मशीनला चार कार्बन लावायला लावत आणि पान झालं की वरचे चार कागद बाजूला ठेवून शेवटचा उजेडात धरत.

"नाथा, करंगळी झोपलीय तुझी. उठव तिला."

"सर, वरच्या कॉपीवर आलाय की 'ए'."

"वरची कॉपी साहेब वाचतो. तुझी नोकरी चौथ्या कॉपीवर हाय. पान परत."

बारावीनंतरचे आठ महिने मी त्या एका अक्षरापायी रडकुंडीला आलो होतो. शेवटी करंगळीला घट्टा पडला. तो सरांनी सगळ्या वर्गाला दाखवला, एखाद्याने आपल्या पोराचं पदक दाखवावं तसा. त्या घट्ट्याच्या जोरावर मला रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी लागली. हे मी नाकारत नाही. नाकारायच्या गोष्टी पुढे बऱ्याच आहेत.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात रोह्याच्या प्रविणशेठने लॅपटॉप आणले. प्रविणशेठचं दुकान मिक्सर, पंखे आणि टीव्हीचं. त्यांनी 'सुगम' नावाच्या कुठल्याशा कंपनीची एजन्सी घेतली. परदेशातल्या ऑफिसांतून निवृत्त झालेली यंत्रं नव्या खोक्यात घालून ही कंपनी विकते, हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं ते इतकंच, की स्कूटरच्या किमतीत लॅपटॉप मिळतोय.

सर बघायला गेले. झाकण उघडून त्यांनी एक ओळ टाइप केली आणि थांबले. "हा आवाजच करत नाय," ते म्हणाले. वीस वर्षं त्या खडखडाटात काढलेल्या माणसाला मोह कशाचा पडावा, तर त्या शांततेचा. सरकारी परीक्षा अजून टाइपरायटरवरच होती, पण सरांच्या डोक्यात बसलं की दोन वर्षांत ती कॉम्प्युटरवर जाणार आणि पेणात पहिला वर्ग आपला असणार. त्यांनी सातातल्या सहा मशीन नागोठण्याच्या जुन्या सामानवाल्याला विकल्या. सातवीची कागद सरकवणारी गाडी मधेच अडकायची, ती त्याने घेतली नाही. जाताना तो म्हणाला, "सर, माझा पोरगा तुमच्याकडंच शिकलाय. दिवाळीपर्यंत या मी हलवत नाय. मन बदललं तर परत न्या." सर हसले. मन बदलायला त्यांना काही कारण दिसत नव्हतं.

सरांनी घेतला म्हटल्यावर त्यांच्या दहा जुन्या विद्यार्थ्यांनीही घेतला. प्रविणशेठने सरांचा फोटो पत्रकावर छापला आणि खाली लिहिलं, 'पेणच्या पुंडलिक सरांची पसंती'. त्या वर्षी लग्नाच्या बायोडाटात एक नवी ओळ दिसायला लागली. निर्व्यसनी, स्वतःचं घर, आणि त्याखाली स्वतःचा लॅपटॉप. त्यावर काय करतो, हे विचारणारा मुलीचा बाप मला अजून भेटलेला नाही. मीही घेतला. मी दुकानात पैसे देत असतानाच प्रविणशेठने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आठवड्याच्या आत स्वतःच्या भाचीचं, दीपिकाचं, स्थळ माझ्या घरी आणलं. मुलगा सुधारलेला आहे, असं त्यांनी बहिणीला सांगितलं म्हणे.

आता त्या यंत्राचे गुण. मांडीवर ठेवायचं म्हणून घेतलं, पण ते इतकं तापायचं की मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर पाट ठेवावा लागे. बॅटरी अकरा मिनिटं चाले. झाकणाची बिजागरी महिन्याभरात ढिली झाली, मग मागे पाण्याचा तांब्या टेकवून पडदा उभा करायचा. पावसाळ्यात पडद्यावर आडव्या रेघा आल्या. आणि श्रावण संपता संपता 'ए'चं बटण मेलं.

सरांच्या वर्गात आता सात टेबलं, एक अडकणारी मशीन आणि एक तापणारा लॅपटॉप उरला. परीक्षेला बसणारी पोरं दुसरीकडे गेली. सर रागावले नाहीत. "त्यांची परीक्षा हाय, माझी नाय," एवढंच म्हणाले.

गणपती उरकल्यावर प्रविणशेठचं पत्र आलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रोह्याच्या मंगल कार्यालयात कंपनीचा ग्राहक मेळावा आहे, कंपनीचा माणूस मुंबईहून येणार आहे, चहा-नाश्ता आहे. खाली बारीक अक्षरात होतं की, एकच मूळचा दोष पाच यंत्रांत लेखी दाखवून दिला तर कंपनी यंत्रं परत घेईल. सरांनी ते बारीक अक्षर तीनदा वाचलं. दिवाळीला तीन आठवडे होते. यंत्र परत गेलं तर नागोठण्याहून मशीन परत येणार होत्या आणि वर्ग उघडा राहणार होता. नाही गेलं तर नाही.

"पाच कागद," सर मला म्हणाले. "बारा जणांत पाच मिळणार नायत?"

मला शंका होती. पण रविवार होता आणि सरांबरोबर फिरण्यात मजा असायची.

पहिल्यांदा आम्ही रोह्यात मिथुनकडे गेलो. मिथुन माझ्याच बॅचचा, माझ्याच कंपनीत शिफ्टला. त्याचा लॅपटॉप शोकेसमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली होता आणि वर प्लॅस्टिकची फुलं.

"कसा चाललाय?" सरांनी विचारलं.

"झकास."

"चालू कर."

मिथुनने आईकडे बघितलं. इंदुबाई पदराला हात पुसत पुढे आली. "सर, त्याला आता नका हात लावू. पुढच्या रविवारी मुलीकडचे येणार हायेत."

"त्यांच्या आधी मी बघतो की."

"मागच्या खेपेचे आले ना, तवा मुलीचा काका म्हणला, चालू करून दाखवा. ह्यानं सांगितलं, वीज नाय. आणि डोक्यावर पंखा गरगर फिरतोय." इंदुबाईला ते आठवून हसू आवरेना.

"आये, गप गो," मिथुन म्हणाला.

सर हसले नाहीत. "मिथुन, मी वर्गात तुझी फिकी कॉपी कधी चालवून घेतली?"

"नाय सर."

"मग लिहून दे. तापतो, बॅटरी नाय, पडदा गेलाय."

"तसं नाय लिहिणार, सर." मिथुनचा आवाज खाली आला. "कागद प्रविणशेठच्या हातात जाणार. तिथून मुलीच्या काकाला कळायला किती वेळ? लोक म्हणतील, फसला. एक बटण लिहितो पायजे तर. 'ए' दबत नाय. बटण काय, कुणाच्याही घरात बिघडतं."

सरांनी तेवढ्यावर सही घेतली.

पेणात हैबतराव. त्यांचा गणपतीचा कारखाना, आणि ते सरांच्या अगदी पहिल्या बॅचचे. त्यांच्या लॅपटॉपच्या प्रत्येक फटीत शाडू गेला होता. तो चालूच होत नव्हता. तरी मुंबईच्या मंडळाचं कुणी ऑर्डर द्यायला आलं की हैबतराव झाकण उघडत, आतल्या बाजूला वही ठेवत आणि कपाळाला आठ्या घालून म्हणत, "थांबा, कॉम्प्युटरमध्ये बघून सांगतो."

"बंद पडलाय, हैबत," सर म्हणाले.

"पडू दे की. माझा सगळ्यात चांगला नोकर हाय तो. उलट बोलत नाय, गिऱ्हाईक आलं की उभा राहतो."

"मग लिहून दे."

"बंद हाय असं लिहू? उद्या मंडळवाले म्हणतील, मग तुम्ही आत बघत काय होता." हैबतरावांनी नाथाला, म्हणजे मला, डोळा मारला. "चालत होता तवा 'ए' गेला होता. ते लिहितो."

असंच सगळीकडे. तापतो हे कुणी लिहीना, बॅटरी कुणी लिहीना. 'ए'चं बटण मात्र प्रत्येकाने आनंदाने लिहून दिलं. एवढ्याने कुणाची अब्रू जात नव्हती. संध्याकाळच्या गाडीने निडी स्टेशन मागे पडलं तेव्हा सरांच्या पिशवीत पाच कागद होते आणि सर खिडकीशी बसून लहान मुलासारखे खूश होते.

"बघ नाथा. घरं वेगळी, हवा वेगळी, वापर वेगळा. दोष मात्र एकच. हा मूळचा दोष नाय तर काय? ह्याच्यावर कंपनी काय बोलणार?"

मी करंगळीचा घट्टा कुरवाळत होतो. मनात काहीतरी टोचलं, पण ते काय ते तेव्हा शब्दांत आलं नाही. आलं असतं तरी मी बोललो असतो का, ह्याची मला आता खात्री नाही.

"एक कर," सर म्हणाले. "निसीमभाऊंनी पण घेतलाय. तू रोह्यातच राहतोस, त्यांना भेट. ते माझ्याकडे शिकलेले नायत, पण बघ त्यांचं काय म्हणणं हाय."

निसीम रोहेकर घड्याळं दुरुस्त करायचे. रोह्यातली त्यांची ज्यू मंडळी एकेक करून इस्रायलला गेली होती. मुलगी रूथ तिकडेच होती आणि निसीमभाऊंचेही कागद आले होते. दोन महिन्यांत जाणार होते. लॅपटॉप त्यांनी रूथला पत्रं लिहायला घेतला होता. फ्लॉपी प्रविणशेठकडे नेऊन छापून आणायचे.

मी शुक्रवारी पहिली शिफ्ट करून त्यांच्याकडे गेलो. निसीमभाऊ दुकान आवरत होते.

"बस. पण लवकर बोल. दिवा लागायच्या आत मला सगळं बंद करायचंय."

मी विषय सांगितला. ते लॅपटॉप घेऊन आले आणि एका बोटाने, उजव्या हाताच्या तर्जनीने, सावकाश एकेक बटण दाबून दाखवलं. घड्याळाच्या चाकाला हात लावणारं बोट ते, फुलपाखरू बसावं तितक्या हलक्याने टेकायचं.

"हा बघ. 'ए' मेलाय. दोन महिन्यांतच गेला. रूथ मला पत्रात विचारते, पप्पा, तुम्ही 'ए' का खाता?"

"तुम्ही टायपिंग कुठे शिकलात, भाऊ?"

"मी कुठला शिकतोय. एकाच बोटाने चाललंय. मी आतून उघडून पण पाहिलं. त्या बटणाखालची पट्टी मुळातच तडकलेली हाय. कंपनीतून आली तशीच. पुंडलिकला सांग."

"लिहून देता?"

"देतो की. मला काय, मी चाललो. इथं राहणाऱ्यानं घाबरायचं." त्यांनी पोस्टाच्या कागदावर शाईने सगळं लिहिलं. एका बोटाने वापरतो, टायपिंग शिकलेलो नाही, तरी 'ए' गेला, आतली पट्टी मूळचीच तडकलेली. सही केली. "मीच आलो असतो. पण उद्या शनिवार. मी उद्या लिहीत नाय, यंत्र लावत नाय, धंद्याचं बोलत नाय. तुझ्या हातात देतो म्हणजे पुंडलिकच्या हातात दिल्यासारखंच."

मी कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

शनिवारी सरांची गाडी उशिरा आली आणि ते सरळ मंगल कार्यालयात पोचले. मला त्यांच्याशी बोलायला मिळालं नाही. सगळे आपापले लॅपटॉप घेऊन आले होते, इस्त्रीचे कपडे घालून. मिथुनच्या लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल तसाच होता. प्रविणशेठ स्वतः चहा फिरवत होते. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी दोन बिस्किटं जास्त ठेवली. साखरपुडा पंधरा दिवसांवर होता.

कंपनीचा माणूस तरुण होता, टाय लावलेला, फार गोड बोलणारा. त्याने सरांचे पाचही कागद वाचले. मग उठून सगळ्यांचे लॅपटॉप एकेक करून पाहिले आणि परत जागेवर येऊन विचारलं, "तुम्ही सगळे टायपिंग कुठे शिकलात?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान ताठ केली. त्यांना वाटलं कौतुक चाललंय.

"कुणीतरी एक ओळ टाइप करून दाखवता?"

मिथुनला पुढे बसवलं. त्याची बोटं वर गेली आणि खाली आली. टेबल हललं. कंपनीच्या माणसाची कपबशी खुळखुळली. डाव्या करंगळीची पाळी आली तेव्हा चहा बशीत सांडला.

"बघा," तो माणूस म्हणाला. "दोष एकच आहे, हे तुमचं बरोबर आहे, सर. फक्त तो यंत्रात नाही. एवढ्या जणांच्या करंगळ्यांचे एकाच माणसाने हातोडे केलेत. कंपनी त्याला काय करणार?"

सगळे हसले. मोकळेपणाने हसले, कारण वाट सापडली होती. आता कुणी फसलेलं नव्हतं, यंत्र वाईट नव्हतं, बायोडाटातली ओळ खरीच होती. हैबतराव तर डोळे पुसेपर्यंत हसले. "सर, तुमच्या पट्टीचा प्रताप," ते म्हणाले. पट्टीने सरांनी कधी कुणाला मारलं नव्हतं. तिने ते टेबलावर ठेका धरायचे.

सरही आधी हसले. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. जरा वेळाने त्यांना आठवलं.

"निसीमभाऊ माझ्याकडे शिकलेले नायत," ते म्हणाले. "त्यांच्याकडे पण हाच लॅपटॉप हाय. नाथा, त्यांचं काय झालं? 'ए' चालतोय त्यांचा?"

सगळं कार्यालय माझ्याकडे वळलं. प्रविणशेठ चहाचा ट्रे घेऊन माझ्यासमोरच उभे होते. ते हसत होते, पण ट्रे हलत नव्हता. खिशातल्या कागदाची घडी मला छातीला लागत होती.

"भेटले नाहीत, सर."

"काल जाणार होतास ना?"

"गेलो होतो. दुकान बंद होतं."

सरांनी मान डोलावली. मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. त्यांनी पाच कागदांची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली. मग कंपनीने अभिप्रायाचे फॉर्म वाटले. मी 'समाधानी' असं लिहिलं. मिथुनने 'अत्यंत समाधानी' लिहिलं, कारण त्याचं अजून जमायचं होतं.

पुढच्या आठवड्यात निसीमभाऊंनी मला रस्त्यात गाठलं. "दिलंस ना पत्र?"

"दिलं."

"मग?"

"उपयोग नाही झाला, भाऊ."

"हरामखोर आहेत," निसीमभाऊ म्हणाले. त्यांच्या मनात कंपनी होती. डिसेंबरात ते गेले.

दिवाळी झाली. नागोठणेवाल्याने दिलेला शब्द पाळला आणि भाऊबीजेनंतर सहाही मशीन विकून टाकल्या. पुंडलिक सरांनी माडी रिकामी केली. खालच्या भांडीवाल्याने म्हणे पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी तोंडाने घासाघीस केली आणि ती त्याला जमेना. सातवी मशीन घेऊन सर तहसील कचेरीबाहेर ताडपत्रीखाली अर्ज टाइप करायला बसले. जुने विद्यार्थी कामाला येता-जाता दिसले की सर त्यांना हाक मारत नसत. विद्यार्थी घाईत असत.

माझ्या लग्नाला ते आले होते. जेवले, आहेर दिला, दीपिकाला आशीर्वाद दिला. प्रविणशेठने त्यांची व्याह्यांशी ओळख करून दिली, "हे करंगळीवाले सर." सगळे हसले. सरांनी हात जोडले.

परवा कंपनीत क्वार्टरसाठी इंग्रजीत अर्ज द्यायचा होता. पेणला कामाला गेलो होतो, म्हटलं सरांकडूनच टाइप करून घ्यावा. मनात काय होतं कोण जाणे. कदाचित निसीमभाऊंच्या कागदाचं सांगायचं होतं. तो आमच्या घरी लॅपटॉपच्या पिशवीत आहे, पिशवी शोकेसमध्ये, वर दीपिकाने विणलेला रुमाल.

"तुझ्या घरी लॅपटॉप हाय ना?" सर म्हणाले.

"प्रिंटर नाय, सर."

"चाललाय ना नीट?"

"चाललाय."

"जपून वापर. हलक्या हातानं." त्यांनी कागद लावला. एकच कार्बन लावला. मशीन खडखडायला लागली, पण काहीतरी वेगळं वाटत होतं. मग लक्षात आलं. बाकीची बोटं नेहमीसारखी पडत होती, फक्त डावी करंगळी बटणावर येऊन नुसती टेकत होती, निसीमभाऊंचं बोट टेकायचं तशी.

अर्ज हातात आला. वरच्या कागदावर 'ए' फिकट होते. कार्बनवर एकही नव्हता.

"सर, 'ए' उमटला नाय."

सरांनी कागद उजेडात धरला, पूर्वी धरायचे तसाच. बराच वेळ पाहिला. "व्हय," ते म्हणाले. "आता जोर देत नाय मी. ही एकच मशीन उरलीय. ही पण मोडली तर?"

आता बोलायला हरकत नव्हती. लग्न झालं होतं, निसीमभाऊ गेले होते, मशीन विकल्या गेल्या होत्या. सांगून कुणाचं काही बिघडणार नव्हतं, सरांची करंगळी तेवढी मोकळी झाली असती. पण मग 'दुकान बंद होतं' हेही सांगावं लागलं असतं.

"चालेल, सर," मी म्हणालो. "मी पेनाने भरतो."

स्टँडवरच्या बाकावर बसून मी अर्जातले 'ए' एकेक करून पेनाने गिरवले. माझ्याच नावात दोन होते. ते आधी गिरवले.